आठ महिने पॅचएल्फसोबत: आरपाथ, रनपाथ आणि न सापडणारी लायब्ररी

आमचं एक कमांड-लाइन टूल आहे आणि त्याच्यासोबत पंधराएक शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या कोड-फाइली) जातात. सगळं एका टारबॉलमध्ये द्यायचं, आणि वापरणाऱ्याने ते कुठल्याही फोल्डरमध्ये उघडलं तरी रूट परवानगीशिवाय चाललं पाहिजे. आधी रॅपर स्क्रिप्टवर भागवत होतो. ती एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) लावून मूळ बायनरी, म्हणजे कंपाइल केलेला प्रोग्राम, सुरू करायची. त्रास असा, की आमचं टूल पुढे जो प्रोग्राम सुरू करेल त्यालाही तोच पाथ वारशाने मिळतो. एकदा सिस्टीमच्या कर्लने (डाउनलोड करणारा प्रोग्राम) आमची ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) उचलली आणि कोसळला. त्या दिवशी स्क्रिप्ट काढून टाकली.

मग पॅचएल्फ घेतलं. ते निक्सओएस या लिनक्स वितरणाच्या मंडळींचं. तयार एल्फ फाइलमधला (लिनक्सवरचे प्रोग्राम आणि लायब्ररी याच स्वरूपात असतात) लायब्ररी शोधायचा पाथ पुन्हा कंपाइल न करता बदलून देतं. त्याआधी सीएचआरपाथ हे तशाच कामाचं दुसरं टूल वापरून पाहिलं होतं, पण त्यात आधीच्यापेक्षा लांब पाथ बसत नाही. पॅचएल्फ जागा करून घेतं. फाइल थोडी फुगते, चालायचंच.

पहिला फटका माझ्याच हाताने. बायनरी ‘बिन’मध्ये, लायब्ररी ‘लिब’मध्ये, म्हणून पाथ ‘$ओरिजिन/../लिब’ ($ओरिजिन म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो). मी तो दुहेरी अवतरणात लिहिला. शेलने ओरिजिन हे आपलं व्हेरिएबल समजून रिकामं केलं आणि फाइलमध्ये उरलं नुसतं ‘/../लिब’, म्हणजे सिस्टीमचंच ‘/लिब’. माझ्या मशीनवर त्या लायब्ररी आधीच होत्या, त्यामुळे सगळं छान चाललं. उपाय: एकेरी अवतरण, आणि मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा.

खरा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. मुख्य बायनरीला पहिली लायब्ररी सापडायची, पण त्या लायब्ररीला लागणारी दुसरी, शेजारीच पडलेली, सापडायची नाही. दोन दिवस गेले. पॅचएल्फचा ‘सेट-आरपाथ’ हा पर्याय नावाप्रमाणे आरपाथ लिहीत नाही, रनपाथ लिहितो! तो शोधायचा पाथ फाइलमध्ये नोंदवायचे हे दोन प्रकार. जुना आरपाथ लायब्ररीच्या लायब्ररीलाही लागू व्हायचा आणि एलडी_लायब्ररी_पाथच्या आधी बघितला जायचा. रनपाथ त्याच्या नंतर बघितला जातो आणि ज्या फाइलमध्ये लिहिलाय तिच्या थेट गरजांपुरताच असतो. हे आमच्या चाचण्यांत आधी दिसलं नाही, कारण त्या मसल या सी लायब्ररीवरच्या बिल्डवर चालत होत्या आणि मसल या दोघांत फरक करत नाही. ग्लिबसी, म्हणजे बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी, करते.

‘फोर्स-आरपाथ’ देऊन जुनी वागणूक परत आणता येते. मी ते टाळलं. आरपाथ असला की वापरणाऱ्याला एलडी_लायब्ररी_पाथने दुसरी प्रत लावून बघता येत नाही, आणि ती सोय कधीतरी लागतेच. त्यापेक्षा प्रत्येक लायब्ररीला तिचा स्वतःचा ‘$ओरिजिन’ दिला. कंटाळवाणं काम, एक लूप लिहिला आणि विसरलो.

तक्रारी दोन. पॅचएल्फ चालवल्यावर स्ट्रिप केलं (डीबगची माहिती काढून फाइल लहान केली) तर बायनरी बिघडू शकते. आमची दोनदा बिघडली, आता स्ट्रिप नेहमी आधी. दुसरी, ‘श्रिंक-आरपाथ’ अनावश्यक फोल्डर काढून टाकतं खरं, पण त्याला फक्त फाइलमध्ये नोंदलेल्या लायब्ररी दिसतात. डीएलओपन या फंक्शनने, प्रोग्राम चालू असताना, नंतर उघडायच्या प्लगिनचा फोल्डरही त्यात उडाला. तो पर्याय मी आता वापरत नाही.

मॅकओएसवर याचा उपयोग नाही, तिथे याच कामासाठी इन्स्टॉल_नेम_टूल. आणि ते चालवलं की फाइलची डिजिटल सही अमान्य होऊ शकते, ती पुन्हा करायला विसरलात तर ॲपल सिलिकॉनवर सिस्टीम प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही.

तपासायला मी आधी रीडएल्फ (एल्फ फाइलमधल्या नोंदी दाखवणारं टूल) वापरतो, अडलं तर एलडी_डीबग=लिब्स लावून लोडर (लायब्ररी शोधून जोडणारा सिस्टीमचा भाग) कुठे कुठे डोकावतो ते बघतो. परक्या बायनरीवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारं टूल) चालवत नाही, कारण काही वेळा ती बायनरीच चालू होते.

सध्या आमच्या स्वतःच्या कोडचा पाथ सीमेक या बिल्ड टूलमध्येच, सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ या सेटिंगने ठरतो. पॅचएल्फ उरलंय ते फक्त बाहेरून तयार आलेल्या लायब्ररींसाठी, आणि तिथे ते अजून रोज चालतंय.