कोकोपीटची वीट: ६० रुपयांत वाचला आईंचा मनीप्लांट

सासूबाई गेल्या, मिरजेचं घर विकावं लागलं. निघताना त्यांच्या मनीप्लांटच्या पाच फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणल्या. बाटलीतल्या पाण्यात तीन आठवड्यांत बोट बोट मुळं फुटली, म्हणून कुंडीत लावल्या. माती मात्र घेतली बांधकामावरची, काळी, चिकट. जून संपेपर्यंत तीन फांद्या गेल्या. उरलेल्या दोन्हींची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज घालत राहिले.

शेवटी कुंडी उचलून कोपऱ्यावरच्या नर्सरीत नेली. तिथल्या काकांनी ती पालथी केली आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा उरला. कुजका वास तर लांबूनच येत होता. काका म्हणाले, "ताई, पाण्यातली मुळं नाजूक असतात. ह्या मातीत त्यांना हवाच मिळाली नाही." सडलेला भाग कापायला सांगितला, पण कडक हिरवं पेर राखून, कारण नवं मूळ पेरातूनच फुटतं. आणि ही कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची दाबून केलेली वीट दिली: ६५० ग्रॅम, ६० रुपये.

बादलीत तीन-साडेतीन लिटर पाण्यात टाकली, तर अर्ध्या तासात फुगून अर्धी बादली भरली. पहिलं पाणी चहासारखं निघतं. नारळाच्या भुशात क्षार राहतात, म्हणून दोनदा धुऊन, घट्ट पिळूनच वापरा. पाकिटावर ह्याबद्दल एक अक्षर नाही, आणि ही माझी खरी तक्रार आहे. नवीन माणूस तशीच वापरून मोकळा होईल.

मी तीन वाट्या कोकोपीटला एक वाटी परलाइट, म्हणजे हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे, घातलं. पोषण ह्यात जवळपास नसतंच, त्यामुळे नवं पान आल्यावर मूठभर गांडूळखत द्यावं लागलं. आणखी एक, कोकोपीट वरून कोरडं दिसतं पण खाली ओलं असतं. बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी घालू नका.

सव्वा महिन्याने पहिलं पान उलगडलं, पोपटी, कडेला पिवळा शिंतोडा, अगदी आईंच्या खिडकीतल्यासारखं. मी खूप वेळ तिथेच उभी होते.

आता सात पानं आहेत. रविवारी एक फांदी नणंदेसाठी छाटली. ती मात्र पाण्यात न ठेवता थेट कोकोपीटमध्ये लावली आहे.