म्यू-ट्रॉन थ्री: उजव्या हाताचं ऐकणारं पेडल

बाबा तबला वाजवायचे. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की घुमारा वर चढत जायचा, तो आवाज माझ्या कानात लहानपणापासून बसलेला. म्यू-ट्रॉन थ्री हे गिटारचा आवाज बदलणारं पेडल लावून पहिली तार छेडली आणि गिटारमधून तोच चढता घुमारा आला. अंगावर काटा आला.

हे पेडल १९७२ मध्ये माइक बीगल यांच्या म्युझिट्रॉनिक्स कंपनीनं काढलं, इथंच न्यू जर्सीत, रोझमाँटला. मी एडिसनला राहतो, म्हणजे ते माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलं. स्टीव्ही वंडर यांच्या ‘हायर ग्राउंड’ या गाण्यातला क्लॅव्हिनेट, म्हणजे विजेवरचं कीबोर्ड वाद्य, यातूनच गेलाय. ग्रेटफुल डेड बँडचे जेरी गार्सिया गिटारवर वापरायचे.

आवाज ‘वा-वा’ असा उघडबंद करणाऱ्या वा-वा पेडलला पाय हलवावा लागतो. इथं पायाचं काम फक्त चालू-बंद करण्यापुरतं, बाकी सगळं तुमचा आघात ठरवतो. मी मागचं झाकण उघडून पाहिलं. आत एका काळ्या बंद डबीत एलईडी आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारे सेल समोरासमोर बसवलेत. तार जोरात छेडली की दिवा जास्त उजळतो, सेलचा रोध कमी होतो आणि फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणारी यंत्रणा, उघडतो. प्रकाश गेला तरी सेल लगेच भानावर येत नाहीत, म्हणून आवाज मिटताना झटका बसत नाही, तो हळूच निवळतो. मी वापरलेल्या डिजिटल नकलांमध्ये हे निवळणं कधीच सापडलं नाही.

माझी सेटिंग: मोड लो-पास, रेंज लो, ड्राइव्ह ‘अप’, पीक निम्म्याच्या थोडं पुढे. गेन, म्हणजे आघाताला पेडल किती प्रतिसाद देतं ते, मात्र गिटारनुसार बदला. हंबकरवर (जोरदार आवाजाचा गिटार पिकअप) जास्त ठेवलात तर हळू वाजवलं तरी फिल्टर पूर्ण उघडाच राहतो आणि सगळी मजा जाते. ड्राइव्ह ‘डाउन’ला आवाज उलटा, वरून खाली येतो. बास वाजवणाऱ्या मित्राला तेच आवडलं. आणखी एक, हे गिटारच्या लगेच पुढे लावा. आधी कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठा आवाज एकसारखा करणारं पेडल, असेल तर हलका-जोरकस हा फरकच सपाट होतो, मग याला ऐकायला काही उरतच नाही.

तक्रारी आहेत. आकार भलताच, माझ्या पेडल ठेवायच्या बोर्डवर तीन पेडलांची जागा खातं. मला साडेसातशे डॉलरला मिळालं, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ‘चालू स्थितीत’ म्हणून दिलं, तरी एका बॅटरीच्या क्लिपवर हिरवा गंज होता. वायर बदलून नवी क्लिप डाख देऊन जोडावी लागली. घेण्याआधी मागचं झाकण उघडून दाखवा असं सांगा, लाजू नका.

एवढे पैसे नसतील तर बीगल यांनीच १९९० च्या दशकात इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या पेडल कंपनीसाठी केलेलं क्यू-ट्रॉन घ्या. आवाजाचं घराणं तेच, आणि ते खूप स्वस्त पडतं. पण फंक वाजवत असाल, उजव्या हातावर मेहनत करायची तयारी असेल, तर जुनं म्यू-ट्रॉन एकदा तरी हाताखालून जाऊ द्या. मी महिनाभर रोज अर्धा तास एकाच सुरावर हलका, मध्यम, जोराचा असे आघात घोटले, आता आमच्या गणेशोत्सवाच्या बँडमधला ढोलकीवाला विचारतो, ‘हे कुठल्या वाद्यावर काढलंस?’

विजेसाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. साधा एकेरी नऊ व्होल्टचा अडॅप्टर याला चालत नाही, अधिक-उणे दोन्ही देणारा हवा.