३०१८ सीएनसी राऊटर: सागवानावर झकास, ॲल्युमिनियमच्या भानगडीत पडू नका

आपलं तालुक्याच्या रोडवर वेल्डिंगचं दुकान आहे, फवारणी पंप, वखराची पास, गेटची बिजागरी हेच रोजचं, त्यातून हौस म्हणून ही कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरणारी मशीन, म्हणजे सीएनसी राऊटर, घेतली, दारावरच्या पाट्या आणि जमलं तं छोटे पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) करायला. कंपनीचं नाव सांगत नाही कारण ३०१८ हे काही एका कंपनीचं नाहीच, दहा जण तेच विकून राहिले, स्टिकर तेवढं वेगळं. ३०० बाय १८० मिमी, म्हणजे ३० बाय १८ सेंमी, एवढं काम बसते, म्हणून ३०१८; वरखाली साधारण ४५ मिमी. देव्हाऱ्याचा दरवाजा वगैरे डोक्यात असेल तं आत्ताच विसरा.

जुळवाजुळव सगळी आपल्यालाच करावी लागते. पार्ट बरे आहेत, ॲलन की सोबत येते, पण पुस्तकातली अक्षरं एवढी बारीक की भिंग पाह्यजे. फ्रेम जमिनीवर बसून आवळू नका, कडप्प्याची सपाट फरशी घ्या, त्यावर बोल्ट ढिले ठेवून बसवा, गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच आवळा. हे नाही केलं तं चौकोन काढायला सांगितला की मशीन तिरपा चौकोन काढते आणि मग माणूस तासभर सॉफ्टवेअरला शिव्या देत बसते.

माप मात्र मस्त धरते. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेपची, ड्रायव्हर एका स्टेपचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप) करते, स्क्रूच्या एका फेऱ्यात ४ मिमी सरकते, म्हणजे मिमीला ८०० स्टेप, आणि जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीनच्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच आकडा भरलेला येतो. १०० मिमी सरकवून व्हर्निअर लावा, फरक दिसला तं आकडा बदलायच्या आधी स्क्रूला मोटरशी जोडणारं कपलर तपासा, बऱ्याचदा तिथली ग्रब स्क्रूच ढिली असते. पितळी नटाच्या जोडीत स्प्रिंग आहे म्हणून उलटं फिरताना प्ले (ढिलाई) कमी राहते, पण भुसा साचला की नट जाम होते, रोज ब्रश मारा.

आता मराठी पाट्यांचं, कारण हे कोणी नीट सांगत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, आपली शिरोरेषेनं जोडलेली, आणि फाँटमध्ये एक अक्षर दुसऱ्यावर थोडं चढलेलं असते. मजकूर तसाच दिला तं मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेत जोडाजोडाला आडवे काप पडतात. इंकस्केप या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, ग्रुप सोडवा, मग 'युनियन', सगळा शब्द एकसंध होते. 'मातोश्री' ची पाटी अशीच काढली, श्री चा काना-वेलांटीचा सांधा असा साफ आला की आमच्या सुतारबुवानं बोट फिरवून पाह्यलं आणि म्हणे, हे पटाशीनं करायला सकाळ गेली असती. लाकूड आपल्या आलापल्लीकडचं सागवान, एका फेरीत अर्धा मिमीच खोल जायचं. सोबत आलेली बारीक व्ही बिटं (कोरायची टोकदार हत्यारं) शिकण्यापुरती, सागवानात टोक लवकर जाते, ३.१७५ मिमी दांड्याची चांगली बिटं वेगळी मागवून घ्या.

सगळ्यात मोठी कटकट लाईनची, आणि शहरातले व्हिडिओवाले याच्यावर बोलतच नाहीत. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू, कंट्रोलर बोर्डाला यूएसबीतून करंट मिळत राहते, पण मोटरींचा २४ व्होल्टचा सप्लाय बंद. मोटर खरंच सरकली का हे पाहणारं या मशीनमध्ये काहीच नाही, म्हणून बोर्ड आपला मजेत स्टेप मोजत राहते. लाईन आली की स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) जिथं पडलं होतं तिथूनच पुढचं डिझाईन कोरायला लागते, पाटीची वाट! त्यामुळे इन्व्हर्टर पाह्यजेच, मशीन फार खात नाही, घरातला पंख्या-बल्बवाला पुरते. अर्थिंगही नीट करा, शेजारच्या वावरातली मोटर चालू झाली की यूएसबी सुटते ही तक्रार आमच्याकडच्या बऱ्याच जणांची आहे. जाड, आखूड केबल घेतली आणि ती स्पिंडलच्या वायरीपासून दूर बांधली की पुष्कळ कमी होते.

धातूचं विचाराल तं, पितळेवर नाव कोरते, पीसीबीचं तांबं छान खरवडते, ॲल्युमिनियमवर ०.१ मिमीच्या फेऱ्या मारत बसलं तं कापतेही, पण फ्रेम थरथरते, आवाज असा की म्हैस दावं तोडून पळेल. लोखंडाचं नावच नको. स्पिंडल म्हणजे साधी ७७५ ची कार्बन ब्रशवाली मोटर, बिट धरणारा कोलेट तिच्या दांड्यावर ग्रब स्क्रूनं बसवलेला, तिथंच थोडा वॉबल येते. मोटर तापते, मोठ्या कामात मधून मधून थांबू द्या.

वीस हजाराच्या आत एवढं मिळून राहिलं तं पाट्या, शिक्के, पीसीबीसाठी पाचपैकी चार. दुकानात धातूचं काम करायचं म्हणून कोणी घेत असेल तं दोनच. आणि घ्यायचीच असेल तं ऑफलाईन कंट्रोलरवाला सेट घ्या, कार्डावरून चालते, लॅपटॉप भुश्यात ठेवायची गरज नाही आणि लाईन गेली की बोर्डही सोबतच बंद पडते, मग झिरो (कामाचा सुरुवातीचा बिंदू) हातानं परत धरावा लागते पण पाटी वाचते.