आधी कर्ज, मग अनुदान : सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचा चार वर्षांचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या कडक भाकरीच्या छोट्या उद्योगासाठी मी नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज केला आणि तिचे अनुदान सप्टेंबर २०२५ मध्ये माझ्या कर्जखात्यात जमा झाले. अर्जापासून शेवटच्या रुपयापर्यंत सगळे पाहून झाल्यावर मी हे लिहीत आहे, कारण अर्ज करण्यापूर्वी मला जे वाचायला मिळाले ते एक तर मंजुरीपत्र हातात पडल्याच्या आनंदात लिहिलेले होते किंवा बँकेतून परत पाठवल्याच्या रागात. माझे मत आधीच सांगते. योजना चांगली आहे, पैसे खरोखर मिळतात आणि त्यासाठी कोणाचे हात ओले करावे लागत नाहीत. मात्र ही मुळात कर्जाची योजना आहे, अनुदान तिच्या अगदी शेवटी येते, आणि ज्याला कर्जाचे हप्ते स्वतःच्या धंद्यातून फेडता येणार नाहीत त्याने अनुदानाकडे पाहून या वाटेला जाऊ नये.

ही योजना केंद्र सरकारने जून २०२० मध्ये सुरू केली आणि महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. खाण्याच्या वस्तू तयार करणाऱ्या लहान उद्योगांना यंत्रसामग्रीसाठी बँकेचे कर्ज मिळावे आणि पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळावे, असे तिचे स्वरूप आहे. किमान १० टक्के रक्कम आपण घालायची, बाकीचे कर्ज. अनुदानाचा भार केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के या प्रमाणात उचलतात. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक उत्पादन ठरवलेले आहे आणि आमच्या जिल्ह्याचे ते ज्वारी आहे. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे दुसरे काय असणार!

आमचा उद्योग त्याआधीही चालू होता. सासूबाईंच्या काळापासून चार तवे, तीन बायका आणि दिवसाला अडीचशे ते तीनशे भाकरी. ज्यांना कडक भाकरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उकळीच्या पाण्यात मळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी पातळ थापून भाजायची, आणि मग ती मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत इतकी कोरडी करायची की मोडली तर टचकन आवाज यावा. ती नीट कोरडी झाली तर महिनाभर टिकते. मधे कुठे ओल राहिली तर आठवड्यात बुरशी धरते आणि दुकानदार अख्खा गठ्ठा परत पाठवतो. पुण्या-मुंबईहून मागणी येत होती आणि आम्ही ती नाकारत होतो, कारण हातांचा वेग वाढवता येत नव्हता. म्हणून यंत्रे घ्यायची होती.

या योजनेतील सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले तर मी पैशाच्या आधी जिल्हा संसाधन व्यक्तीचे नाव घेईन. अर्ज भरणे, प्रकल्प अहवाल तयार करणे, बँकेकडे पाठपुरावा करणे आणि पुढे अन्न परवान्यापर्यंत मदत करणे हे त्यांचे काम असते, आणि त्याचे मानधन त्यांना योजनेतूनच मिळते. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २०,००० रुपये, तेही दोन टप्प्यांत. अर्जदाराने त्यांना काही देण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी मात्र बाजारातल्या एका एजंटाला फाइल करून देण्यासाठी पैसे मोजले आणि त्यात जी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य होते तिचेही वेगळे पैसे लावले होते. हे वाचून एका जरी घरचे पैसे वाचले तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे आणि आपल्या भागासाठी नेमलेली व्यक्ती कोण आहे ते विचारावे.

आमच्याकडे आलेले गृहस्थ पहिल्या दिवशी कागद मागायचे सोडून चुलीजवळ पाटावर बसले. किलोभर पिठाच्या किती भाकरी होतात, तुटीत किती जातात, जळणाला किती लागते, दुकानदार किती दिवसांनी पैसे देतो, हे सगळे त्यांनी वहीत टिपून घेतले. तोपर्यंत मी स्वतःही तुटीचा हिशेब कधी मांडला नव्हता. दहातली एक भाकरी मोडत होती. त्या वहीतून जो अहवाल तयार झाला तो आमचा होता. एजंटांच्या अहवालांत दिसतात तशी दुसऱ्या कोणाच्या मसाला उद्योगाची आकडेमोड त्यात नव्हती. पुढे बँकेत प्रश्न विचारले गेले तेव्हा मी एकाही प्रश्नाला अडखळले नाही, त्याचे कारण तेच.

आकडे असे होते. पीठ मळण्याचे यंत्र, भाकरी दाबण्याचे यंत्र, वाळवणी यंत्र, पाकीट सील करण्याचे यंत्र आणि वजनकाटा मिळून ६ लाख रुपये. फरशी, पाण्याचा निचरा आणि वायरिंग यांसाठी ८० हजार. एकूण ६ लाख ८० हजार. त्यातले ६८ हजार आमचे, ६ लाख १२ हजार कर्ज आणि अपेक्षित अनुदान २ लाख ३८ हजार. इमारतीचा खर्च कितीही दाखवला तरी पात्र खर्चात बांधकामाचा वाटा ३० टक्क्यांपुढे धरत नाहीत, आणि ज्वारी, पाकिटे, मजुरी यांसाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलावर अनुदान मिळत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे फार जणांचे दुर्लक्ष होते. यंत्रे येतात आणि ज्वारी घ्यायला पैसे उरत नाहीत. आम्ही दीड लाखाचे कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलून परत भरायचे खेळते कर्ज, वेगळे मागितले होते, त्यावर निभावले.

बँकेचा टप्पा हा या योजनेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. जिल्हा पातळीवर शिफारस झाली तरी कर्ज द्यायचे की नाही हे शाखाच ठरवते, आणि शाखेत कोण बसले आहे यावर फार काही अवलंबून राहते. पहिल्या शाखेत मला सांगण्यात आले, ‘‘ताई, घराचे तारण द्या, मग बघू.’’ लहान उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा तेव्हा स्पष्ट नियम होता आणि अशा कर्जांसाठी शासनाची हमी योजनाही आहे. हे आम्ही नम्रपणे सांगितले. त्यावर नकारही मिळाला नाही आणि होकारही मिळाला नाही. दोन महिने ‘‘साहेब रजेवर आहेत’’ आणि ‘‘फाइल वर पाठवली आहे’’ एवढेच ऐकायला मिळाले. लेखी नकार मागण्याची हिंमत मी केली नाही, ती करायला हवी होती, कारण लेखी उत्तर आले असते तर दुसऱ्या बँकेकडे जायला दोन महिने वाया गेले नसते.

दुसऱ्या शाखेतल्या बाईंनी वेगळी गोष्ट सांगितली आणि ती मला पटली. त्या म्हणाल्या, ‘‘अनुदानाची केस म्हटली की माणसे पहिले वर्ष हप्ते भरतात आणि मग सरकार माफ करील म्हणून थांबतात. आम्हाला भीती त्याची वाटते.’’ मग त्यांनी माझा सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, समोर ठेवला. पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजचा शेवटचा हप्ता आमच्या नजरचुकीने राहिला होता आणि ते खाते अजून उघडे दिसत होते. रक्कम होती १,१४० रुपये. ती भरून ना-देय दाखला आणून दिल्यावरच फाइल पुढे सरकली. अर्ज करण्यापूर्वी स्वतःचा सिबिल अहवाल पाहून घ्यावा, वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. एप्रिल २०२२ मध्ये मंजुरीपत्र मिळाले.

योजनेतल्या प्रशिक्षणाबद्दल मला फारशी अपेक्षा नव्हती. प्रमाणपत्रापुरते असेल असे वाटले होते. पण तिथे शिकवणाऱ्या बाईंनी ओलाव्याचा विषय असा समजावला की आमचा धंदाच त्याने सुधारला. भाजलेली भाकरी वजन करून वाळवणी यंत्रात ठेवायची आणि दर वीस मिनिटांनी पुन्हा वजन करायचे. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आले की ओल गेली असे समजायचे. टचकन आवाजावर विसंबणाऱ्या सासूबाईंना हे आधी रुचले नाही, पण परत येणारे गठ्ठे थांबले तेव्हा वजनकाट्यावर त्याच बसू लागल्या. अन्न परवान्याचेही तिथेच कळले. १२ लाखांच्या आतील वार्षिक उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपयांची साधी नोंदणी पुरत होती.

यंत्रे जूनमध्ये आली आणि ऑगस्टपर्यंत झाकून पडून राहिली. चूक माझी होती. थ्री फेज विजेसाठीचा अर्ज मी यंत्रे आल्यावर केला, तो मंजुरीपत्र मिळाले त्याच दिवशी करायला हवा होता. हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत होती म्हणून तोल सांभाळला, पण व्याज चालूच होते.

आता अनुदानाविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. अनुदान मंजूर झाले म्हणजे २ लाख ३८ हजार आपल्या हातात पडतात असे नाही. ती रक्कम कर्ज देणाऱ्या शाखेत आपल्या नावाच्या वेगळ्या खात्यात येऊन पडते आणि तिला हात लावता येत नाही. कर्जाचा शेवटचा भाग उचलल्यापासून तीन वर्षांनंतर खाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल तरच ती कर्जात वळती होते. माझ्या बाबतीत ती रक्कम नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या खात्यात आली आणि तेव्हापासून तेवढ्या कर्जावर बँकेने व्याज लावले नाही. पण महिना १३ हजारांच्या आसपासचा हप्ता पूर्ण भरावाच लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात ज्वारी कडाडली आणि दोन महिने हप्त्यासाठी गाठीचे पैसे काढावे लागले, तेव्हा बँकेत आपलेच सव्वादोन लाख पडून आहेत आणि आपण बचत मोडतो आहोत, ही जाणीव फार टोचली. तरीही ही अट मला योग्य वाटते. पैसे सुरुवातीलाच हातात दिले असते तर यंत्रे कागदावरच राहणारे उद्योग किती निघाले असते, याची कल्पना गावात राहणाऱ्या कोणालाही करता येईल.

तीन वर्षे जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाली. अधिकारी येऊन यंत्रे पाहून गेले, चालू यंत्रांचे फोटो घेतले, आणि सप्टेंबरमध्ये अनुदान वळते झाल्यावर कर्जाची बाकी जवळजवळ संपली. इथेही एक त्रुटी आहे. तीन वर्षे झाली हे बँक स्वतःहून कळवत नाही, निदान मला कळवले नाही. मीच तारीख लिहून ठेवली होती म्हणून वेळेत अर्ज दिला. मुदत संपल्याचा साधा संदेश मोबाइलवर आला तर अनेकांचे व्याज वाचेल.

इतर योजनांशी तुलना थोडक्यात करते. मुद्रा कर्ज झटपट मिळू शकते, पण त्यात अनुदान नसते. ते परत करावे लागत नाही ही समजूत पूर्ण चुकीची आहे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे आणि स्वतःचा वाटाही केवळ ५ टक्के घालावा लागतो, पण तो नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगांसाठी आहे, आमच्यासारख्या जुन्या चुलीला त्याचा उपयोग नव्हता. बचत गटांतील बायकांनी मात्र याच सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतील बीज भांडवलाची चौकशी आधी करावी. अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत रक्कम खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी गटाच्या संघामार्फत मिळते, आणि शेंगाचटणी किंवा पापड करणाऱ्या गटाला बहुतेक वेळा तेवढेच पुरेसे असते.

आज आमच्याकडे सात बायका कामाला आहेत आणि दिवसाला बाराशे भाकरी निघतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी शेवयांच्या यंत्राची कोटेशन घेऊन आली होती. तिला मी आधी वीज कोणती आहे ते विचारले, मग सिबिल अहवाल काढायला सांगितला, आणि यंत्राची किंमत बाजूला ठेवून तिच्या शेवयांच्या तुटीचा हिशेब मांडायला आम्ही दोघी पाटावर बसलो.