वस्तऱ्याची धार: मॉमची कादंबरी, 1946चा सिनेमा की 1984चा?

इंग्रजी लेखक सॉमरसेट मॉमच्या ‘द रेझर्स एज’पर्यंत पोचायच्या वाटा तीन आहेत: 1944ची कादंबरी, 1946चा कृष्णधवल सिनेमा आणि 1984चा रंगीत सिनेमा. गोष्ट तिन्हीकडे तीच. पहिल्या महायुद्धातून परतलेला लॅरी डॅरेल शिकागोत चालून आलेली नोकरी नाकारतो, इझाबेलशी ठरलेलं लग्न लांबणीवर टाकून पॅरिसला जातो, मग कोळशाच्या खाणीत राबतो, भारतात येतो आणि परत फिरतो. या माणसाला नक्की काय हवं होतं आणि ते त्याला मिळालं का, इथे मात्र तिघं तीन दिशांना जातात.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी कौल आधीच देतो. एकच सिनेमा बघणार असाल तर 1946चा बघा. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर कादंबरी आधी वाचा. मॉमचं इंग्रजी सोपं आहे, कोश जवळ नसला तरी अडत नाही. 1984चा तिसऱ्या नंबरावर, पण दोन गोष्टींसाठी तो टाळू नये. त्या पुढे येतीलच.

नावातच एक गंमत आहे

हे नाव कठोपनिषदातलं. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतला चौदावा मंत्र: ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत। क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया दुर्गं पथस्तत्कवयो वदन्ति॥’ क्षुर म्हणजे वस्तरा. मॉमने कादंबरीच्या माथ्यावर यातली दुसरी ओळ इंग्रजीत दिली आहे आणि तीत ‘मुक्तीचा मार्ग’ असे शब्द आहेत. मुळात मुक्ती हा शब्द नाही. ज्ञानी लोक ही वाट दुर्गम आहे म्हणतात, एवढंच मूळ सांगतं. त्याआधीचं ‘उठा, जागे व्हा’ तर मॉमने घेतलेलंच नाही. तिन्ही रूपं पाहताना हे ध्यानात असू द्या. कादंबरीला वाटेत रस आहे, 1946च्या सिनेमाला मुक्कामात, आणि 1984चा सिनेमा मधेच मुक्कामाची थट्टाही करून घेतो.

लॅरी कुणाच्या नजरेतून दिसतो

कादंबरीत गोष्ट सांगतो तो खुद्द मॉम, स्वतःच्या नावानिशी. लॅरी त्याला अधूनमधून भेटतो, मग वर्षानुवर्षं गायब होतो. बाकी सगळं ऐकीव: इझाबेलने सांगितलेलं, सुझान रुव्हिये नावाच्या बाईने सांगितलेलं, थोडं खुद्द लॅरीने. त्यामुळे लॅरी पूर्ण कधीच हाती लागत नाही आणि तसं ठेवण्यातच मॉमची कारागिरी आहे. शोधणारा माणूस बाहेरून कसा दिसतो? रिकामटेकडा, गोड स्वभावाचा आणि थोडा वैताग आणणारा.

1946च्या सिनेमाने मॉमला पात्र म्हणून ठेवलं (हर्बर्ट मार्शल). तो पार्ट्यांत हिंडतो, ऐकतो, मोजकं बोलतो. पण कॅमेरा लॅरीच्या मागे भारतातही जातो, आणि तिथे साक्षीदार नसल्याने पडद्यावर दिसतं ते खरं मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही. लॅरीच्या भूमिकेत टायरोन पॉवर. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन कोअरमध्ये वैमानिक होता आणि परतल्यावरचा हा त्याचा पहिला सिनेमा. कादंबरीतला लॅरीही वैमानिकच. पॉवरच्या चेहऱ्यावरचा थकवा अभिनयातला किती नि खरा किती, हे सांगता येत नाही, आणि ते सिनेमाच्या पथ्यावर पडलं आहे.

1984च्या सिनेमाने मॉमला काढूनच टाकलं. पटकथा दिग्दर्शक जॉन बायरम आणि नट बिल मरे यांनी मिळून लिहिली. निवेदक गेल्यावर लॅरीला जवळपास प्रत्येक प्रसंगात हजर राहावं लागतं, आणि सदैव समोर असलेला माणूस गूढ राहत नाही. या सिनेमातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. प्रसंग एकापुढे एक येतात, पण कुणीतरी मागे वळून बघत सांगतंय ही जाणीव नसल्याने मधली वर्षं नुसती उडी मारल्यासारखी जातात.

मरेबद्दल एवढं माहीत असलेलं बरं: कोलंबिया कंपनीने या सिनेमाला पैसे दिले ते त्याने ‘घोस्टबस्टर्स’ हा विनोदी सिनेमा करायचं कबूल केलं म्हणून. तो जूनमध्ये आला, हा ऑक्टोबरमध्ये. लोक हसायला आले आणि सिनेमा आपटला. दोष सगळा प्रेक्षकांचाही नाही. मरेचा तिरकस सूर 1920च्या दशकातला वाटतच नाही; आजूबाजूचे सगळे त्या काळात आणि हा एकटा पन्नास-साठ वर्षं पुढून आल्यासारखा.

भारत: कोण कुठे पोचतं

कादंबरीतला लॅरी जहाजावर काम करत मुंबईला येतो. घारापुरीची लेणी बघतो, तिथली तीन प्रचंड मुखं त्याच्या मनात घर करतात आणि एका संन्याशाशी गाठ पडून तो इथेच राहतो. पुस्तकात ती मुखं ब्रह्मा, विष्णू आणि महेश अशी सांगितली आहेत. तिथे गाईडही पुष्कळदा तसंच सांगतात; मूर्तिशास्त्राचे अभ्यासक मात्र तिन्ही मुखं शिवाचीच मानतात: मधलं शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला स्त्रीसारखं कोमल वामदेव. पुढे तो काशीला जातो आणि अखेर त्रावणकोरात श्रीगणेश नावाच्या गुरूंच्या आश्रमात पोचतो. म्हणजे दक्षिणेत, जंगल नि डोंगरांच्या मुलखात. मॉम स्वतः 1938मध्ये तिरुवन्नामलैला जाऊन रमण महर्षींना भेटला होता. श्रीगणेश त्यांच्यावरून बेतले आहेत.

लॅरीला अनुभव येतो तो याच डोंगरात, पहाटे, सूर्य वर येताना. तो सांगतानाही लॅरी चाचरतो. जे वाटलं ते खरं की उपासमार नि एकांताचा परिणाम, ही शंका त्याने उघडी ठेवली आहे.

दोन्ही सिनेमांनी त्रावणकोर सोडून हिमालय गाठला. 1946चा हिमालय बराचसा स्टुडिओतला. रंगवलेली शिखरं, धुकं, आणि सेसिल हम्फ्रीज हा गोरा नट साधू झालेला. मराठी प्रेक्षकाला इथे हसू आवरणं कठीण. ज्ञानेश्वरी-गाथेच्या घरात वाढलेल्या माणसाला हा साधू कॅलेंडरवरचा वाटणार. मात्र त्याचं बोलणं कान देऊन ऐका. लॅरीला डोंगरातच राहायचंय आणि हा त्याला परत माणसांत पाठवतो. हे कादंबरीच्या आशयाला धरून आहे, आणि प्रसंगही लांबत नाही.

1984चा हिमालय खरा आहे. हा सिनेमा न टाळण्याचं पहिलं कारण हेच: चित्रण लडाखात झालं, आणि तिथली उघडी डोंगरसोंड, मठ आणि वारा कुठल्याही पडद्यावर रंगवता येणार नाहीत. बर्फातल्या झोपडीत लॅरी एकटा पुस्तकं घेऊन बसलेला आहे, थंडी सोसवत नाही, आणि तो वाचलेल्या पुस्तकाचीच पानं शेकोटीत घालू लागतो. संवाद जवळजवळ नाही. कादंबरीत हा प्रसंग नाही, तरी तिच्यातला असावा असा आहे.

पण वैचारिक गोंधळही इथेच. खाणीतला सहकारी लॅरीच्या हाती उपनिषदं देतो, ती वाचून लॅरी भारतात येतो आणि पोचतो बौद्ध मठात, लामाकडे. मॉमचा सगळा डोलारा अद्वैतावर उभा: ब्रह्म, माया, पुनर्जन्म, आणि हे जग मिथ्या असेल तर त्यात परत का जायचं हा लॅरीचा प्रश्न. बौद्ध विचारात ब्रह्म या तत्त्वाला जागाच नाही. हॉलिवूडला फरक पडला नसेल, आपल्याला पडतो.

एक बाटली, दोन हाताळण्या

कोण काय साधतं हे एकाच प्रसंगात तपासायचं असेल तर बाटलीचा प्रसंग घ्या. सोफी ही लॅरी-इझाबेलची लहानपणची मैत्रीण. नवरा आणि मूल मोटार-अपघातात गेल्यावर ती दारूत बुडाली आहे. लॅरी तिला त्यातून बाहेर काढतो आणि तिच्याशी लग्न ठरवतो. इझाबेलने एव्हाना दुसऱ्याशी, ग्रे मॅच्युरिनशी, लग्न केलेलं आहे, पण लॅरी दुसऱ्या कुणाचा होणं तिला सोसत नाही. ती सोफीला लग्नाच्या पोशाखाच्या निमित्ताने घरी बोलावते.

कादंबरीत हे आपल्याला घडताना दिसत नाही. सोफी नाहीशी झाल्याचं कळतं, आणि बऱ्याच काळाने मॉम इझाबेलला खोदून खोदून विचारतो, तेव्हा ती कबूल करते की झुब्रोव्का ही पोलिश व्होडका मुद्दाम समोर ठेवून ती बाहेर निघून गेली. ही कबुली ती ज्या थंडपणे देते त्याने अंगावर काटा येतो.

1946च्या सिनेमात व्होडकाचं नाव बदलून पेर्सोव्का झालं आहे आणि सगळं समोर घडतं. इझाबेल (जीन टियर्नी) सोफीच्या देखत घोट घेते, वासाचं कौतुक करते आणि सहज उठून जाते. उरतात सोफी आणि बाटली. अ‍ॅन बॅक्स्टरला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. सिनेमाला चार नामांकनं होती, मिळालेलं हे एकच. नुसतं दवाखान्यातलं दृश्य आणि हे दृश्य पाहिलं तरी का ते कळतं.

1984चा सिनेमा न टाळण्याचं दुसरं कारण म्हणजे थेरेसा रसेलची सोफी. बॅक्स्टरची सोफी दया मागते, रसेलची मागत नाही. ती चिडकी, हुशार, स्वतःवर हसणारी आहे आणि लॅरीला तिची ओढ का वाटावी हे इथेच सगळ्यांत पटतं. उलट कॅथरीन हिक्सची इझाबेल इतकी मऊ आहे की तिच्या हातून हे पाप घडेल असं वाटतच नाही. टियर्नीच्या बाबतीत तसा संशय एका मिनिटातच मिटतो.

एलियटसाठी

सगळ्यांत मजेदार माणूस लॅरी नव्हे, इझाबेलचा मामा एलियट टेंपलटन आहे. बड्यांच्या पार्ट्यांची आमंत्रणं मिळवणं हीच त्याची साधना. मरायला टेकलेला असताना एका राजकन्येच्या पार्टीचं आमंत्रण आलं नाही म्हणून हा माणूस रडतो. मॉम तिच्या सेक्रेटरीकडून एक कोरं कार्ड लंपास करून आणतो. आणि एलियट नकार लिहून घ्यायला सांगतो: परमेश्वराशी भेट आधीच ठरलेली असल्याने येता येणार नाही. कादंबरीतली ही पानं चुकवू नका. क्लिफ्टन वेबने 1946मध्ये ती अचूक उभी केली आहेत. 1984मध्ये डेनहोम एलियटही उत्तम आहे, फक्त त्याच्या वाट्याला जागा कमी आली.

बघण्या-वाचण्याआधी

1946चा सिनेमा साधारण 145 मिनिटांचा, 1984चा 128च्या आसपास. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तेच सिनेमे सुमारे 139 आणि 123 मिनिटांत संपतात. काही कापलेलं नाही. सेकंदाला 24ऐवजी 25 चौकटी पळतात म्हणून वेळ 4 टक्के कमी लागतो, आणि बहुतेक वेळा आवाजही किंचित चढा होतो. त्याहूनही कमी वेळ दिसला तर ती प्रत सोडून द्या.

1946चं चित्र जवळपास चौकोनी आहे. टीव्ही ते आडवं ताणत असेल तर सेटिंगमध्ये 4:3 करा, नाहीतर टियर्नीचा चेहरा भाकरीएवढा दिसेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच असायला हव्यात. एका बैठकीत जड वाटला तर लॅरी भारतातून परत येतो तिथे थांबा. परत आल्यावर तो ग्रेची डोकेदुखी बरी करतो: मुठीत नाणं देतो आणि सांगतो, मूठ आपोआप उघडेल. दुसऱ्या दिवशी तिथून सुरुवात करायला हा प्रसंग चांगला.

1984च्या सिनेमाचं सुरुवातीचं युद्धाचं प्रकरण मात्र चुकवू नका. 1946च्या सिनेमात युद्ध दिसतच नाही, नुसतं बोलण्यात येतं. 1984मध्ये लॅरी वैमानिक नसून रुग्णवाहिका चालवतो, आणि त्याला वाचवताना मेलेल्या माणसाचं ओझं पुढे सबंध सिनेमाभर त्याच्या पाठीवर दिसतं.

कादंबरीचे भाग सात. सहावा भाग म्हणजे लॅरी आणि मॉम यांची रात्रभर चाललेली बातचीत, आणि तिच्या आरंभी मॉम स्वतःच सांगतो की हा भाग गाळला तरी गोष्टीचा धागा तुटणार नाही. लगेच पुढे हेही सांगतो की ही बातचीत झाली नसती तर पुस्तक लिहावंसंच वाटलं नसतं. पाश्चात्त्य वाचकाला ही पानं अवघड जात असतील. आपली अडचण उलटी: माया, कर्म, पुनर्जन्म हे सगळं कीर्तनात ऐकलेलं असल्याने आपण भराभर पानं उलटतो. तसं करू नका. या बातचितीच्या शेवटाकडे लॅरी आपला बेत सांगतो: अमेरिकेत परत जायचं, गॅरेजात काम शिकायचं आणि टॅक्सी चालवायची. भटक्या साधूला दंड नि भिक्षापात्र, तशी आपल्याला ती टॅक्सी, असं त्याचं म्हणणं. दोन्ही सिनेमांत लॅरी घरी परतायला निघतो, पण टॅक्सीवरची ही पानं भेटतात ती पुस्तकातच.