रुग्णवाहिकेचे कॉल घ्यायचे कुठून: ऑफिसातून की घरून?

चार-सहा रुग्णवाहिका चालवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रस्टपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. रात्रपाळीला ऑफिस चालू ठेवायचं, की कॉल इंटरनेटवरून घरी वळवायचे?

लांबून कॉल घेण्यात नवल नाही. २०१४ साली १०८ सुरू झाली तेव्हाच ठाण्यातला फोन पुण्यात औंधला उचलला जाऊ लागला, गाडी मात्र इथलीच निघायची. पण औंधला सगळे एका छताखाली होते. माणसं घरी बसवण्याचा प्रयोग मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया शहराने ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरासाठी केला.

नेटच्या वेगाची धास्ती उगाच घेतली जाते. एका कॉलला सेकंदाला शंभरेक किलोबिट पुरतात. त्रास देतो तो उशीर. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागले, की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात आणि घाबरलेला माणूस पत्त्याऐवजी ‘हॅलो, हॅलो’च करत राहतो. म्हणून घरी वायफाय नको, राउटरपासून थेट वायर ओढा.

विजेचं दुखणं मोठं. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसली आणि मुंबईसोबत ठाणे, नवी मुंबईही अंधारात गेली. अशा वेळी घरच्या राउटरला यूपीएस असून भागत नाही. सोसायटीच्या जिन्यातला इंटरनेटवाल्याचा डबा बॅकअपशिवाय असेल, तर तो आधी मान टाकतो. इथे जनरेटर आणि दोन कंपन्यांच्या लाइन असलेलं ऑफिस सरस. पावसात पारडं फिरतं: २६ जुलै २००५ सारखा दिवस उगवला, तर पाळी बदलायला कोणी पोहोचतच नाही.

माझ्या लेखी निर्णय ठरतो तो गोंगाटावर. माजिवड्याला अपघात झाला की एक जण ‘गोल्डन डाइज’ सांगतो, दुसरा ‘कापूरबावडी पूल’, तिसरा नुसतंच ‘हायवेवर’. एका खोलीत शेजारचा ओरडतो, “अरे, ती गाडी मी काढलीये!” घरोघरी बसलेल्या तिघांकडून एकाच अपघाताला तीन गाड्या जातात आणि घोडबंदर रोडवरचा हार्टचा पेशंट ताटकळतो. सामायिक स्क्रीन मदत करते, पण नोंद टाइप होईपर्यंत गाडी सुटलेली असते.

भाडं वाचतं, हे खरं. रेकॉर्डिंग क्लाउडवर दोन्हीकडे सारखंच. पेशंटची माहिती घरच्यांच्या कानावर जाते, तेव्हा दार बंद होणारी खोली हवीच.

एका वेळी दोघांहून जास्त माणसं फोनवर लागत असतील, तर ऑफिस सोडू नका. रात्री एकच माणूस पुरत असेल, तर खुशाल घरून चालवा. मात्र न उचललेला कॉल पंधरा सेकंदांत दुसऱ्याच्या साध्या मोबाइलवर गेला पाहिजे. कॉल घरी वळवून देणाऱ्या कंपनीशी करार करण्याआधी घरचा मेन स्विच आणि जिन्यातला तो डबा, दोन्ही बंद करायला लावा आणि बाहेरून नंबर फिरवून बघा.