म्हापशातला भाड्याचा हॉल: मराठी मंडळीच्या दीड वर्षाच्या वापरानंतर

म्हापशाच्या कदंब बसस्थानकापासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या गोवेकर ख्रिस्ती घराच्या आवारात हा हॉल आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि मालकीणबाईंशी आमचा करार अजून चालू आहे. स्वतःची इमारत नसलेल्या एखाद्या लहान मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समूहाला, उपासनेसाठी जागा घ्यायची असेल, तर ती घेण्यापूर्वी काय पाहावे, हे आम्हांला या दीड वर्षात समजले. ते आधी समजले असते तर करारातली निदान दोन कलमे वेगळी झाली असती.

आमची मंडळी मराठी प्रॉटेस्टंट आहे. बावीस कुटुंबे आणि रविवारी साठ-सत्तर माणसे, एवढाच आवाका. बहुतेक जण सोलापूर, मिरज, कोल्हापूर, अहिल्यानगर या भागांतून नोकरीसाठी आलेले आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून रात्रपाळी संपवून थेट उपासनेला येणाऱ्या तरुणांची त्यात भर पडली आहे. गोव्यात चर्चची वाण नाही. परंतु येथील बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक आहेत आणि त्यांची उपासना मुख्यतः कोंकणीत चालते. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तावरील ओवीबद्ध मराठी पुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोल येथे छापले गेले, ही गोष्ट आमचे पाळकसाहेब नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हौसेने सांगतात. ती ऐकून झाल्यावर तो माणूस साहजिकच विचारतो की मग मराठी उपासना असते कुठे, आणि उत्तर असे द्यावे लागते की या हॉलमध्ये, रविवारी साडेदहाला.

हॉल सुमारे चाळीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद आहे. ऐंशी प्लास्टिकच्या खुर्च्या, सहा पंखे, एका टोकाला वीतभर उंचीचा चौथरा, आणि वर मंगळूरी कौले. पहिल्या करारात रविवारचे तीन तासांचे भाडे अठराशे रुपये, शुक्रवार सकाळचे सातशे, आणि अनामत दहा हजार. म्हापशाच्या मानाने हे दर रास्त होते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चार पंखे आणि दोन ट्यूबलाइट चालतात, ध्वनिक्षेपक चालत नाही; पण पेटी-तबल्यावर गाणाऱ्या मंडळीला त्याची फारशी अडचण होत नाही. स्वच्छतागृहे स्वच्छ असतात. गाड्या लावायला जागा नाही, हे आधीच गृहीत धरावे.

आवाजाच्या दृष्टीने हा हॉल ऑक्टोबर ते मे या काळात उत्तम आहे. खाली शहाबादी फरशी असली तरी वर लाकडी वाशांवर कौले असल्यामुळे आवाज घुमत नाही, आणि मागच्या रांगेतल्या आजींनाही शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचे वाचन, ऐकू येतो. पावसाळ्यात मात्र सगळेच बदलते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जून-जुलैमध्ये कोसळतो. त्या दिवसांत एकदा सर धरली की पाळकसाहेब उपदेश थांबवून गीत सांगतात, आणि सर ओसरेपर्यंत मंडळी गात राहते. एका रविवारी उपदेशाचे तीन तुकडे झाले आणि मधे सात गीते झाली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या एकांनी त्यावर तक्रार केली. लहान मुलांनी मात्र पुढच्या रविवारी पावसाची वाट पाहिली.

खरी अडचण वेळेची निघाली. जागा पाहायला गेलो तेव्हा आम्ही खुर्च्या मोजल्या, पंखे लावून पाहिले, माईक तपासला, आणि साडेदहा ते दीड असे तीन तास पुरेसे वाटल्याने सही केली. उपासना दोन तासांची असते, तेव्हा एक तास हातात उरतो, असा आमचा हिशेब होता. तो चुकला, कारण दुपारी दोनला बहुतेक वेळा दुसरे काही कार्य असते आणि व्यवस्था पाहणारा मालकीणबाईंचा भाचा उपासना चालू असतानाच मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या एकात एक घालू लागतो. तो स्वभावाने उद्धट मुळीच नाही. त्याला पुढची मांडणी करायची असते, एवढेच. पण मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घेतली जात असताना मागून फरशीवर प्लास्टिकचा पाय ओढल्याचा आवाज आला की सगळ्या बंद डोळ्यांमागे एकच विचार येतो, की आता आवरायला हवे. नकळत प्रार्थना आखूड होऊ लागली. साक्षी, म्हणजे उभे राहून आपला विश्वासाचा अनुभव सांगणे, पाचांवरून दोनांवर आल्या. आशीर्वाद झाल्यावर माणसे पायऱ्यांवर उभ्या-उभ्या "जय ख्रिस्त" म्हणून पांगू लागली.

हे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून ते लक्षात यायला आम्हांला चार महिने लागले. सांखळी किंवा पेडण्याहून आठवड्यातून एकदाच येणारा माणूस आपली अडचण उपासनेत उभा राहून सांगत नाही. नोकरी गेली आहे, घरमालकाने खोली सोडायला सांगितली आहे, आईची तपासणी करायची आहे, हे सारे तो आशीर्वादानंतरच्या अर्ध्या तासात, हातात चहाचा पेला धरून, कोणाला तरी बाजूला घेऊन सांगतो. तो अर्धा तास गेला आणि शुक्रवारच्या प्रार्थनेत वाचायच्या विनंत्यांची वही जवळजवळ कोरी येऊ लागली. वही महिला मंडळाच्या ज्या भगिनींकडे असते, त्यांनीच हे पंच कमिटीच्या बैठकीत प्रथम मांडले, आणि तेही रागाने. तोपर्यंत आम्ही सगळे माईकच्या खरखरीवर चर्चा करीत होतो.

त्यावर तोड निघाली ती हॉलमधून नव्हे, मालकीणबाईंच्या घरातून. त्यांना सगळे आंटी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे कोंकणीत, आमचे मराठी त्यांना समजते आणि त्यांचे कोंकणी आम्हांला तीन-चतुर्थांश. रविवारी सकाळची मिस, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, आटोपून आल्या की त्या घराच्या बाल्कांवात बसतात. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना पुढे पायऱ्या चढून लागणारी, दोन्ही बाजूंना पक्क्या बैठका असलेली ही छपरी असते, आणि तिचे प्रयोजनच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे हे आहे. एका रविवारी मिरजेच्या एक वयस्क बाई गुडघे दुखतात म्हणून तेथे टेकल्या. त्यांच्या शेजारी आणखी दोघी बसल्या, आणि आंटींनी आतून पाणी मागवले. पुढच्या रविवारी थर्मास तेथेच ठेवला गेला. आता आशीर्वादानंतर निम्मी मंडळी बाल्कांवात आणि उरलेली अंगणातल्या आंब्याखाली असते, आणि दीडचे दोन वाजले तरी कोणी खुर्ची ओढत नाही. या सोयीचे वेगळे भाडे आंटी घेत नाहीत. पहिल्या भेटीत आम्ही या छपरीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वाद झाला, ती मात्र हॉलच्याच भिंतीवर होती. चौथऱ्याच्या मागे येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर आहे आणि तिच्यापुढे तांबडा दिवा सतत जळतो. आमच्यातल्या जुन्या वळणाच्या काहींना प्रभूभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या, मेजामागे चित्र असणे रुचले नाही. पडदा लावावा, किंवा तेवढ्या वेळेपुरती ती उतरवून ठेवण्याची विनंती करावी, असे म्हणणे पडले. दोन बैठका यात गेल्या. शेवटी पाळकसाहेबांनी मेज हॉलच्या लांब बाजूच्या मध्यावर, खिडकीपाशी हलवले आणि खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, त्यामुळे तसबीर डाव्या हाताला गेली आणि प्रश्नही बाजूला पडला. या मांडणीचा एक अनपेक्षित फायदा झाला: आता लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि कोण आले नाही हे हजेरी न घेता कळते. लांबट हॉल घेणाऱ्या कोणत्याही मंडळीने ही मांडणी करून पाहावी.

शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेसाठी मात्र या जागेची शिफारस मी सरसकट करणार नाही. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. दहा वाजल्यापासून रस्त्यावर टेम्पो, पाट्या आणि हॉर्न यांची गर्दी असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची, खरेदी सुरू झाली की सुकी मासळी, मिरच्या आणि कोकम यांचा वास थेट खिडकीतून आत येतो. सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाला तो किती जड जातो, हे लिहायला नको. आम्ही वार बदलण्याचा विचार केला होता, पण लांबून येणाऱ्या बायकांनीच तो हाणून पाडला, कारण एका तिकिटात प्रार्थना आणि बाजार अशी दोन्ही कामे होतात. म्हणून वार तोच ठेवून वेळ सकाळी सात ते नऊ केली. त्या वेळी आवारात शांतता असते, अधूनमधून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा तेवढा ऐकू येतो. नऊ वाजता उपास सुटतो, वही बंद होते आणि पिशव्या उघडतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन आणि त्यानंतर प्रीतीभोजन, म्हणजे सर्वांचे एकत्र जेवण, असते. स्वयंपाकघर नावापुरते आहे: दोन चुलींची शेगडी, एक ओटा, एक नळ. सत्तर माणसांचा भात येथे शिजणार नाही, तो घरून आणावा लागतो. प्रभूभोजनाचे साठ लहान पेले त्या एका नळावर धुवायला दोघांना पाऊण तास लागतो; आम्ही ते काम तरुण संघाला दिले आहे, आणि विमानतळावरची मुले तेथे, नळाखाली ओणवी होऊन पेले विसळताना, जितकी मोकळेपणाने बोलतात तितकी तरुण संघाच्या सभेत बोलत नाहीत. सामानासाठी लोखंडी कपाट मिळाले आहे. त्यात पेटी, गीतांची पुस्तके आणि पेल्यांचे तबक राहते. परंतु किल्ली भाच्याकडे असते आणि भाचा दर वेळी वेळेवर येतोच असे नाही. एकदा संपूर्ण उपासना पाठ असलेल्या गीतांवर काढावी लागली.

डिसेंबरमधला एक रविवार आम्ही विसरू शकत नाही. सव्वादहाला पोहोचलो तर खुर्च्यांना सॅटिनच्या फिती बांधलेल्या, मधोमध केकचे मेज, आणि कोणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या जेवणाची तयारी चाललेली. भाच्याने एकच दिवस दोघांना दिला होता. उपासना अंगणात उभ्याने झाली, तीही पाऊण तासात, आणि रात्रपाळीहून आलेले दोघे आंब्याला टेकूनच झोपी गेले. पैसे मागितल्यावर निम्मे परत मिळाले. पूर्ण मिळायला हवे होते, हे आजही माझे म्हणणे आहे. एरवी, नाताळापूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात कॅथलिक लग्ने सहसा नसतात, त्यामुळे त्या आठवड्यांत हॉल मोकळा मिळतो. जादा सभा, शिबिरे, साखळी प्रार्थना याच काळात ठेवाव्यात, म्हणजे घासाघीसही करता येते.

तक्रारींच्या पारड्यात एवढे पडल्यावर दुसऱ्या पारड्यात ३१ डिसेंबरची रात्र टाकली पाहिजे. त्या रात्री बार्देश तालुक्यात जागा मिळणे किती दुरापास्त असते, हे सांगायची गरज नाही. कळंगुट-बागाकडे जाणारे रस्ते संध्याकाळपासून भरलेले असतात आणि कोणताही हॉल चौपट भाड्याने जातो. आंटी पार्टीला हॉल देत नाहीत. आम्हांला वर्षअखेरच्या उपासनेसाठी त्यांनी तो रविवारच्याच दरात दिला, अट एकच, की दहानंतर माईक नको. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करणारे नियम २००० सालापासून आहेतच. बंदिस्त जागेला त्यात सूट असली तरी कौलांच्या फटींतून चांदणे दिसत असलेल्या हॉलला बंदिस्त कसे म्हणावे, हा प्रश्न आहे. आम्ही माईकशिवाय गायलो. बाराला बाहेर पोरांनी 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, पेटवला, फटाके सुरू झाले, आणि आत सगळे गुडघ्यांवर असल्यामुळे कोणी खिडकीशी गेले नाही, लहान मुलांचा अपवाद सोडून.

मे महिन्यात आवारातल्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे कॅथलिकांची गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना, होती, ती नेमकी आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाच्या दिवशी आली. आंटींनी अभ्यास अर्धा तास पुढे ढकलायला सांगितले आणि आम्हांलाही बोलावले. आमच्यातले काही गेले, काही हॉलमध्ये बसून राहिले. नंतर उकडलेले चणे मात्र सगळ्यांना पोहोचले.

करार अकरा महिन्यांचा असतो. या वेळी नूतनीकरण करताना आम्ही दोन गोष्टी लेखी घेतल्या: रविवारची वेळ दोनपर्यंत आणि तोपर्यंत खुर्च्यांना हात नाही, आणि कपाटाची दुसरी किल्ली आमच्या सचिवांकडे, म्हणजे माझ्याकडे. भाडे दोनशे रुपयांनी वाढले. बाल्कांवाचा उल्लेख करारात करावा, असे खजिनदारांचे म्हणणे होते. आंटी हसल्या आणि म्हणाल्या की बसण्याचा कागद करतात का.